आई-बाप झाल्यावर सुरू होणारे शिक्षण

शाळेच्या पालकसभेत आम्हाला दोन प्रश्न हमखास ऐकायला मिळतात. पहिला भर सभेत विचारला जातो: "टीचर, हा मोबाईल सोडतच नाही, काय करू?" दुसरा सभा संपल्यावर, बाकीच्या बाया निघून गेल्या की हळू आवाजात येतो: "मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत शिकले होते. आता धाकटाही शाळेत जायला लागला. मला काही करता येईल का?"

वरवर पाहता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एक लेकराचा, एक आईचा. पण पहिल्या प्रश्नाच्या मागे नेटाने लागून दुसऱ्याचे उत्तर मिळवलेले आई-बाप झाले आहेत. मुलांची काळजी करता करता त्यांनी मुलांचा अभ्यास सुरू केला आणि तोच पुढे त्यांचा व्यवसाय झाला. अशा तिघांची ओळख आम्ही येथे करून देत आहोत. त्यानंतर आपल्या घरातील बहिणींना आणि भावांना या वाटेने जायचे असेल, तर काय करता येईल तेही पाहू.

न्यूटनच्या दिवाणखान्यातील बैठक

पेगी चॅरेन यांचा जन्म १९२८ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. १९४९ मध्ये पदवी घेतल्यावर त्यांनी तेथल्याच एका टीव्ही केंद्राच्या चित्रपट विभागात काम केले. १९५१ मध्ये लग्न झाले, पुढे दोन मुली झाल्या. संसार सांभाळत त्यांनी चित्रांच्या छापील प्रती विकण्याचे दुकान चालवले. मग मुलांच्या पुस्तकांची प्रदर्शने भरवण्याचा धंदा केला. बोस्टनजवळच्या न्यूटन या गावी शाळांसाठी कलेचे कार्यक्रम आखणाऱ्या एका संस्थेचे कामही पाहिले. आपल्याकडे एखाद्या बाईचा असा प्रवास पाहिला तर लोक म्हणतील, हिचे एका ठिकाणी मन लागत नाही.

पण यातली एकही गोष्ट वाया गेली नाही. टीव्ही केंद्र कसे चालते हे त्यांनी आतून पाहिले होते. मुलांच्या पुस्तकांत किती तऱ्हा असतात हे प्रदर्शनांमुळे ठाऊक झाले होते. त्यामुळे घरात मुली टीव्हीसमोर बसल्या, तेव्हा या आईच्या लक्षात आले की पुस्तकांत जी विविधता आहे ती पडद्यावर नाही. शनिवारी सकाळी एकामागून एक मारधाडीची कार्टूने आणि मध्ये मध्ये गोड खाऊ व खेळण्यांच्या जाहिराती, असा तो सगळा मामला होता.

१९६८ मध्ये त्यांनी शेजारपाजारच्या काही आयांना आपल्या दिवाणखान्यात बोलावले. त्या बैठकीतून 'ॲक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन' ही संस्था उभी राहिली. १९७० मध्ये या आयांनी टीव्ही केंद्रांवर देखरेख करणाऱ्या एफसीसी या सरकारी आयोगाकडे अर्ज केला. मुलांच्या कार्यक्रमांत जाहिराती नसाव्यात आणि प्रत्येक केंद्राने आठवड्याला किमान १४ तास मुलांसाठी कार्यक्रम दाखवावेत, अशा त्यांच्या मागण्या होत्या. आयोगाकडे या विषयावर एक लाखाच्या आसपास पत्रे आली. यावरून ही काळजी एका घरापुरती नव्हती हे दिसून आले.

त्यांच्या कामाची पद्धत आपण नीट पाहण्यासारखी आहे. त्यांनी केवळ तक्रार केली नाही, मोजणी केली. बोस्टन विद्यापीठाच्या एका प्राध्यापकाकडून शनिवारच्या कार्यक्रमांची पाहणी करून घेतली. किती वेळ कार्यक्रम, किती वेळ जाहिरात, जाहिरातीत काय विकले जाते, याचा हिशेब मांडला. त्या काळी मुलांच्या कार्यक्रमांत जीवनसत्त्वाच्या गोळ्यांच्या जाहिराती लागत. लहान मुले त्या गोळ्या खाऊ समजून खात. संस्थेने हा विषय लावून धरल्यावर १९७२ मध्ये औषध कंपन्यांनी त्या जाहिराती स्वतःहून मागे घेतल्या. १९७४ मध्ये आयोगाने सांगितले की मुलांच्या कार्यक्रमातील लाडक्या पात्राने वा सूत्रधाराने त्याच कार्यक्रमात माल विकू नये.

याच्या मागे बालविकासाचे एक साधे सत्य आहे. मोठ्या माणसाला जाहिरात दिसली की तो मनात म्हणतो, हा मला काहीतरी विकतो आहे. लहान मुलाला ते कळत नाही. त्याच्यासाठी कार्टूनमधला दोस्त म्हणजे दोस्तच. त्याने 'हे खा' म्हटले तर ते मैत्रीचे बोलणे. साधारण आठ वर्षांच्या आतील मुलांना जाहिरातीमागचा हेतू ओळखता येत नाही, असा निष्कर्ष अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने २००४ मध्ये मांडला. ज्या आयांनी १९६८ मध्ये आपल्या घरात हे पाहिले होते, त्यांना ते अगोदरच जाणवले होते.

वाट सरळ नव्हती. १९८४ मध्ये आयोगाने जाहिरातींवरची बंधने सैल केली. खेळण्याचे बाहुले आधी आणि त्यावरून कार्टून नंतर, अशी कार्यक्रमांची रांग लागली. अर्ध्या तासाचा सगळा कार्यक्रमच जाहिरात झाला. १९८८ मध्ये संसदेने मुलांच्या टीव्हीबाबत विधेयक मंजूर केले, पण राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी त्यावर सही केली नाही आणि ते बारगळले. १९९० मध्ये मात्र कायदा झाला. मुलांच्या कार्यक्रमांत तासाला जाहिरातींची मर्यादा सुट्टीच्या दिवशी साडेदहा मिनिटे आणि इतर दिवशी १२ मिनिटे ठरली. म्हणजे दिवाणखान्यातल्या बैठकीपासून कायद्यापर्यंत २२ वर्षे लागली. १९९२ मध्ये संस्थेचे काम थांबवण्यात आले. १९९५ मध्ये चॅरेन यांना अमेरिकेचा राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते दिला जाणारा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०१५ साली त्यांचे निधन झाले.

आणखी एक गोष्ट. ज्यांना अमुक कार्यक्रम बंद पाडायचे होते, त्या लोकांच्या बाजूने चॅरेन कधी उभ्या राहिल्या नाहीत. बंदी आणण्यापेक्षा मुलांसाठी चांगले अधिक असावे आणि काय पाहायचे ते घराने ठरवावे, ही त्यांची भूमिका होती. मोबाईल हिसकावून कपाटात ठेवणाऱ्या प्रत्येक घराने यावर विचार करावा.

वकिली सोडणारा बाप, शाळा अंगणात नेणारी आई

अमेरिकेतल्या या हकिकतीच्या अर्धशतक आधी आपल्या शेजारच्या सौराष्ट्रात एका बापाच्या बाबतीत असेच घडले होते. गिजुभाई बधेका यांचा जन्म १८८५ चा. तरुणपणी ते पूर्व आफ्रिकेत जाऊन आले, मुंबईत कायदा शिकले आणि वकिली करू लागले. १९१३ मध्ये त्यांना मुलगा झाला. या मुलाला कसे वाढवावे, हा प्रश्न त्यांना पडला. मुलांना मारून मुटकून शिकवणाऱ्या शाळा त्यांनी स्वतः भोगल्या होत्या. शोध घेता घेता इटलीच्या मारिया माँटेसरी यांचे विचार त्यांच्या वाचनात आले. १९१६ मध्ये ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले आणि वकिली मागे पडली. १९२० मध्ये तेथे त्यांनी बालमंदिर सुरू केले. १९३२ चे त्यांचे 'दिवास्वप्न' हे पुस्तक आजही शिक्षकांना वाचायला दिले जाते. मोठ्या मिशांच्या या गृहस्थाला गुजरातने 'मूछाळी मा', म्हणजे मिशावाली आई, असे नाव दिले. मुलांचे संगोपन हे बायकांचे काम, असे म्हणणाऱ्या आमच्या भावांनी हे नाव लक्षात ठेवावे.

याच गिजुभाईंबरोबर काम करायला १९२३ मध्ये ताराबाई मोडक आल्या. त्यांचा जन्म १८९२ चा, मुंबईचा. त्या पदवीधर होत्या. लग्नानंतर अमरावतीला राहिल्या. संसार टिकला नाही. पदरात एक मुलगी होती. राजकोटला स्त्री-शिक्षिका घडवणाऱ्या महाविद्यालयाच्या प्राचार्यपदाची मानाची नोकरी होती. ती सोडून त्या भावनगरला बालशिक्षणाकडे वळल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ताराबाईंनी 'शिक्षणपत्रिका' या मासिकातून पालकांशी बोलणे सुरू ठेवले. १९३६ मध्ये दादरला शिशुविहार सुरू केला. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीच्या अंगणात नेली. १९६२ मध्ये ताराबाईंना पद्मभूषण मिळाले. २ ऑक्टोबर १९७५ पासून सरकारने देशभर जी योजना सुरू केली, तिच्या केंद्राला आपण सर्वजण अंगणवाडी म्हणतो. त्या शब्दामागे या बाईचे काम आहे.

तिघांच्या आयुष्यात एक गोष्ट सारखी दिसते. प्रश्न स्वतःच्या लेकरापासून सुरू झाला, पण तेथे थांबला नाही. शेजारच्या, मोहल्ल्यातल्या, पाड्यावरच्या मुलाचाही तो प्रश्न झाला. आणि तिघांनीही 'मी आई आहे, मला सगळे कळते' असे न म्हणता अभ्यास केला. काळजीतून काम उभे राहते ते येथे.

आज मुलाच्या हातात काय आहे

चॅरेन यांच्या काळात टीव्ही घरात एका जागी असे आणि कार्यक्रमाला वेळ असे. आज पडदा मुलाच्या हातात आहे आणि तो कधी संपत नाही. एक चित्रफीत संपण्याआधी दुसरी तयार असते. मुलाला काय आवडते हे यंत्र टिपून ठेवते आणि तेच पुढे करते.

आपल्या घरांत हा फोन निव्वळ शत्रूही नाही. कोकणातल्या कितीतरी घरांत अब्बा कुवेत, दुबई, कतारला असतात. मुलाला बापाचा चेहरा याच पडद्यावर दिसतो. शाळेचा गृहपाठ याच फोनवर येतो, शिष्यवृत्तीचा अर्ज याच फोनवरून भरला जातो. म्हणून 'फोन नकोच' हे उत्तर चालत नाही. किती, कोणत्या वयात, कशासाठी, हे सांगू शकणारे माणूस मोहल्ल्यात हवे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले आहे की दोन वर्षांच्या आतील मुलासमोर पडदा नसावा, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी दिवसाला एक तासापेक्षा अधिक नसावा, कमी असेल तर उत्तम. किती घरांत हे कोणी जाऊन सांगितले आहे?

केवळ तासांचाच प्रश्न नाही, खऱ्याखोट्याचाही आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप आणि चित्रफिती देशभर फोनवरून फिरत होत्या. त्यातली एक चित्रफीत मुळात कराचीतल्या जनजागृतीची होती. तिच्यात मोटरसायकलवरचा माणूस मूल उचलून नेतो आणि शेवटी परत आणून सोडतो. आपल्या मुलांवर लक्ष ठेवा, हा तिचा संदेश. कोणीतरी शेवट कापला आणि ती खऱ्या अपहरणाची म्हणून पुढे पाठवली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याच्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, अशाच अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले गरीब लोक होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक निरोप एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

निरोप पुढे पाठवणाऱ्यांत कितीतरी आई-बाप असतील. त्यांच्या मनात लेकरांची काळजीच होती. पण अभ्यास नसलेली काळजी पाच घरांचे कर्ते माणूस घेऊन गेली. माध्यम-साक्षरता म्हणजे काही फॅशनेबल विषय नव्हे, हे समजायला एवढे एक उदाहरण पुरे आहे.

आपल्याला यातले मूळ सूत्र नवे नाही. हदीसच्या संकलनकर्त्यांनी प्रत्येक कथनाची सनद तपासली. कोणी सांगितले, त्याने कोणाकडून ऐकले, तो माणूस भरवशाचा होता का, हे विचारल्याशिवाय कथन स्वीकारले नाही. मुलाला हाच सवाल फोनबाबत शिकवायचा आहे. हे कोणी बनवले? कशासाठी बनवले? यात काय विकले जाते आहे? आधीचे किंवा नंतरचे काही कापले आहे का? सरकारी योजनेचा निरोप असेल, तर केंद्र सरकारच्या 'पीआयबी फॅक्ट चेक' या विभागाकडे २०१९ पासून पडताळणीची सोय आहे.

शिकायचे कोठे, काम कोठे

आता त्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. मुलांच्या वाढीच्या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या बहिणीसमोर काही वाटा आहेत.

ज्यांचे दहावी-बारावी राहिले आहे, त्यांनी आधी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून ते पूर्ण करावे. बारावीनंतर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात, म्हणजे इग्नूमध्ये, पूर्व-बाल्यावस्थेतील संगोपन व शिक्षणाची पदविका घरी राहून करता येते. पहिली ते पाचवीच्या वर्गांना शिकवायचे असेल, तर बारावीनंतर दोन वर्षांचा डी.एल.एड. करून पुढे शिक्षक पात्रता परीक्षा द्यावी लागते. महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये स्थापन केलेल्या एसएनडीटी महिला विद्यापीठात मानव विकास हा विषय पदवी व पदव्युत्तर पातळीवर आहे. समुपदेशक व्हायचे असेल तर मानसशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षण लागते. ती वाट लांब आहे, पण घरात मोठ्या मुलीची निवड चालली असेल तर तिच्यापुढे जरूर ठेवावी.

अंगणवाडी सेविकेची जागा निघते तेव्हा जाहिरात पूर्ण वाचावी. शिक्षण, वय, त्याच गावचा वा प्रभागाचा रहिवास, हयात अपत्यांची संख्या, भाषा, या सर्वांच्या अटी असतात. जिथे मुले घरी उर्दू बोलतात, तिथे उर्दू आणि मराठी दोन्ही लिहिता-वाचता येणारी बाई ही मोठी गरज आहे. आपल्या घरांतील कितीतरी मुलींकडे हे भांडवल पडून आहे. मूल ज्या भाषेत स्वप्न पाहते त्या भाषेत त्याचे पहिले शिक्षण व्हावे आणि मग राज्यभाषा त्याच्या जिभेवर रुळावी, यासाठी दोन्ही किनारे माहीत असलेले माणूस लागते.

खरे तेही सांगितले पाहिजे. अंगणवाडीत पगार नव्हे, मानधन मिळते. खासगी बालवाड्यांत सुरुवातीला हातात थोडेच पडते. शिक्षक भरतीत स्पर्धा मोठी आहे. 'माध्यम-साक्षरता शिक्षक पाहिजे' अशी जाहिरात सहसा दिसत नाही. हा विषय शिक्षिकेने, सेविकेने, ग्रंथपालाने आपल्या कामात स्वतः जोडून घ्यायचा असतो. पण जमीन तयार होते आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे वयाची पाच वर्षे हा शिक्षणाचा पहिला टप्पा मानला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांवर पाळत ठेवून त्यांना उद्देशून जाहिराती करण्यास मनाई करणारी तरतूद आहे. कायदा कागदावरून घरापर्यंत आणायला माणसे लागतील. ती आपल्यातून का येऊ नयेत?

घरच्यांचाही यात वाटा आहे. सून अर्ज भरते म्हटले की पहिला प्रश्न येतो, मुलांचे कोण बघणार? सासूबाईंनी रोजचे दोन तास आणि नवऱ्याने परीक्षेचे दिवस वाटून घेतले तर पदविका पार पडते. आणि ती जे शिकेल त्याचा पहिला लाभ घरातल्याच नातवंडांना होणार आहे.

अर्ज भरायला वेळ असेल, तर आजपासून एक काम करता येईल, त्याला पदवी लागत नाही. एक वही घ्या. आठ दिवस रोज लिहा: मुलाने पडद्यावर काय पाहिले, किती वेळ, कोणाबरोबर, त्यात काय विकले गेले, पाहून झाल्यावर त्याने काय मागितले, काय विचारले. रागावू नका, फक्त लिहा. आठव्या दिवशी शेजारच्या चार अम्मींना चहाला बोलावून त्यांच्या वह्यांशी आपली वही ताडून पाहा. हिशेब समोर आला की बोलणे तक्रारीवर थांबत नाही, काय करता येईल तेथपर्यंत पोहोचते. त्या चौघींपैकी जिला ती वही सर्वांत कमी कंटाळवाणी वाटेल, तिला आमचे सांगणे आहे: इग्नूचा प्रवेश वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैच्या सत्रांसाठी असतो. बारावीची गुणपत्रिका शोधून ठेवा.